वैद्याचे वस्त्र आणि रुग्णाचे पांघरूण

म्हैसूर म्हटले की मराठी घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना प्रथम आठवते ती रेशमी साडी. महाराज कृष्णराज वडियार चौथे यांनी १९१२ साली या शहरात रेशीम विणण्याचा कारखाना उभा केला आणि २००५ साली म्हैसूर रेशमाला भौगोलिक मानांकन लाभले. याच महाराजांच्या कारकिर्दीत या शहरात दुसरेही एक काम उभे राहिले. १९०६ साली वेस्लियन मिशनने येथे होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालय उघडले. १९२४ साली बंगळूर येथे सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय १९३० साली म्हैसुरास आले आणि कृष्णराजेंद्र रुग्णालय हे त्याच्या विद्यार्थ्यांचे शिक्षणक्षेत्र झाले. आजही देवराज मार्केट आणि सयाजीराव रस्ता या भागांत कापडाची झगमगती दुकाने आहेत आणि तेथून चालत जाण्याच्या अंतरावर मंड्या, चामराजनगर, कोडगू येथील खेड्यांतून आलेले रुग्ण हातात कागद घेऊन रांगेत उभे असतात. रेशीम आणि रोग यांच्या या शेजारातूनच प्रस्तुत लेखाचा प्रश्न निघाला आहे.

आपल्या मंडळ्यांतील कितीतरी मुलेमुली वैद्यकीय शिक्षणासाठी म्हैसूर, बेळगाव, मंगळूर, वेल्लोर अशा ठिकाणी जातात. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे, त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप आणि पुढे पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे असा हा प्रवास असतो. निवासी डॉक्टरांचे सलग काम सामान्यतः १२ तासांहून अधिक आणि आठवड्याचे काम ४८ तासांहून अधिक नसावे, असे केंद्र सरकारच्या १९९२ च्या योजनेत म्हटले आहे. प्रत्यक्षात सलग ३६ तासांची ड्यूटी ही पुष्कळ ठिकाणी नित्याची बाब आहे. अशा आयुष्यात एखादी तरुणी वा तरुण नीटस, रंगसंगती साधणारे, काळाला शोभणारे कपडे निवडण्यात मन घालत असेल, तर ते योग्य म्हणावे की अयोग्य? घरातील वडील विचारतात, ‘रुग्ण काय तुझे कपडे पाहायला येतो?’ तरुण म्हणतात, ‘दिवसभर दुःखच पाहायचे, मग एवढीही एक गोष्ट आमची असू नये का?’ दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. म्हणून त्यांपैकी एकाला व्यर्थ डौल आणि दुसऱ्याला जुनाटपणा असे नाव देऊन मोकळे होणे न्यायाचे होणार नाही.

पवित्र शास्त्र या बाबतीत काय शिकविते? आपल्यापैकी बहुतेकांना पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय आठवतो. बाह्य शोभेपेक्षा अंतःकरणातील सौम्य वृत्तीला देवाच्या दृष्टीने मोल आहे, असा त्याचा आशय आहे. पौलाने तीमथ्याला लिहिलेला उपदेश त्याच दिशेचा आहे. लूककृत शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य जांभळी व तलम वस्त्रे लेऊन रोज मेजवानी करीत होता आणि त्याच्या दाराशी लाजर फोडांनी भरलेला पडला होता, हे चित्र तर कोणत्याही ख्रिस्ती डॉक्टरने विसरू नये असेच आहे. तथापि हा एकच सूर शास्त्रात नाही. निर्गमाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात अहरोनासाठी गौरवाची व शोभेची वस्त्रे करण्याची आज्ञा स्वतः परमेश्वर देतो. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील सद्‌गुणी स्त्री उत्तम वस्त्रे वापरते, आणि ते तिच्या स्तुतीतच सांगितले आहे. उधळ्या पुत्राचा पिता पहिली आज्ञा देतो ती उत्तम झग्याची. प्रभू येशूच्या अंगावरील अंगरखा तर बिनशिवणीचा, सलग विणलेला होता. तो फाडण्याऐवजी शिपायांनी त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या.

अहरोनाच्या वस्त्राविषयीचा एक तपशील मात्र आपण सहसा घाईने वाचून जातो. त्याच्या उरपटावर बारा रत्ने होती आणि त्या रत्नांवर इस्राएलाच्या बारा वंशांची नावे कोरलेली होती. पवित्रस्थानात जाताना याजकाने ती नावे आपल्या हृदयावर वागवावीत, असा त्यामागील हेतू होता. त्या वस्त्राचे सौंदर्य खरे होते, रत्ने खरी होती, परंतु ते सौंदर्य ज्यांच्या वतीने याजक उभा राहत असे त्यांचा भार वाहत होते. शास्त्राचा वस्त्राविषयीचा मुख्य प्रश्न येथे सापडतो. वस्त्र किती सुंदर असावे, हा तो प्रश्न नाही. ते वस्त्र कोणासाठी ल्यालेले आहे आणि ते लेणाऱ्याच्या हृदयावर कोणाचे नाव आहे, हा आहे.

या कसोटीवर प्रथम एक वेगळीच गोष्ट तपासली पाहिजे. वैद्यकीय शिक्षणात अव्यवस्थितपणाचीही एक प्रतिष्ठा असते. चुरगळलेला ॲप्रन, खिशाशी पसरलेला शाईचा डाग, दोन रात्रींचे न विंचरलेले केस, ही जणू त्यागाची पदके मानली जातात. जो जितका विस्कटलेला, तो तितका कष्टाळू! थकव्याने कपडे चुरगळतात, हे समजण्यासारखे आहे. त्याबद्दल कोणी कोणास दोष देऊ नये. परंतु त्या चुरगळण्याचेच प्रदर्शन होऊ लागले की डोंगरावरील प्रवचनाची आठवण होते. उपास करणाऱ्याने तोंड उतरवून लोकांपुढे मिरवू नये. डोक्याला तेल लावावे, तोंड धुवावे, असे प्रभूने शिकविले. छत्तीस तासांची ड्यूटी हाही एक प्रकारचा उपासच आहे. त्यात झोप, घरचे जेवण आणि आप्तांचा सहवास एवढे सारे सोडावे लागते. हा उपास करणारी तरुणी सकाळी तोंड धुऊन, स्वच्छ इस्त्रीचा कुर्ता घालून वॉर्डात येत असेल, तर ती प्रभूच्या शिकवणुकीपासून दूर गेली असे म्हणता येणार नाही. उलट तिने आपला थकवा रुग्णाच्या माथी मारलेला नाही.

वस्त्राचा हा विचार आपल्या पूर्वसूरींनीही केला होता. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबुली आपापल्या देशाच्या पोशाखात बसलेल्या आहेत. पुढील वर्षी आनंदीबाईंनी पदवी घेतली, त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या होत्या. आनंदीबाई हिंदू राहिल्या व रमाबाई ख्रिस्ताकडे आल्या. परंतु परदेशात राहूनही आपल्या माणसांना आपण परके वाटू नये, ही जाणीव दोघींनी पोशाखातून जपली. त्याआधी १८७८ साली अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, मराठी ख्रिस्ती घराण्यातील कृपाबाई सत्यनाथन मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या होत्या. अभ्यासात त्या चमकल्या, पण प्रकृतीने साथ दिली नाही आणि त्यांना शिक्षण सोडावे लागले. हे शिक्षण शरीराकडून किती मोल घेते, हे आपल्या समाजाला तेव्हापासून ठाऊक आहे. या स्त्रियांना वस्त्र ही क्षुल्लक गोष्ट वाटली असती, तर त्यांचे जीवन थोडे सोपे झाले असते. त्यांना ते क्षुल्लक वाटले नाही. कारण आपण कोणाच्या आहोत, हे वस्त्र बोलते, हे त्या जाणत होत्या.

म्हैसुराच्या इतिहासातही याची दोन बोलकी उदाहरणे आहेत. ॲबे दुबॉय हे फ्रेंच धर्मगुरू अठराव्या शतकाच्या अखेरीस भारतात आले आणि पुढे अनेक वर्षे म्हैसूर प्रांतात राहिले. त्यांनी देशी पोशाख व राहणी पत्करली आणि देवीच्या लसीचा या भागात प्रसार करण्यास हातभार लावला. परक्या कपड्यातील परक्या माणसाने आणलेली परकी लस लोक सहजासहजी टोचून घेणार नाहीत, हे समजणे कठीण नाही. त्यांचे वस्त्र हे त्या सेवेचेच एक साधन होते. दुसरे उदाहरण एका चित्राचे आहे. १८०५ च्या सुमारास टॉमस हिकी या चित्रकाराने म्हैसूर राजघराण्यातील तीन स्त्रियांचे चित्र काढले. त्यातील उजवीकडील तरुण राणीने साडीचा पदर दंडावरून किंचित बाजूला घेतला आहे. इतिहासकार नायजेल चॅन्सेलर यांच्या मते तिचा हात लस टोचल्याच्या जागेकडे निर्देश करीत आहे. हा अर्थ मान्य केला, तर राजवाड्यातील एका पडदानशीन स्त्रीने प्रजेचे भय जावे म्हणून चार बोटे पदर सरकवला, असे म्हणावे लागते. ते तिने आपल्या इच्छेने केले, आणि चित्रात तिची प्रतिष्ठा कणभरही उणी झालेली नाही.

वॉर्डातील रुग्णाच्या वाट्याला मात्र असे स्वातंत्र्य क्वचितच येते, आणि आपला विषय येथे खऱ्या अर्थाने गंभीर होतो. रुग्णालयात दोन माणसे समोरासमोर येतात. एकाने स्वतःचे वस्त्र निवडलेले असते. दुसऱ्याला ते उतरवायला सांगितले जाते. खेड्यातून आलेली एखादी अज्जी आठ-दहा विद्यार्थ्यांच्या घोळक्यात पडून असते. तिची भाषा विद्यार्थ्याला धड येत नाही, विद्यार्थ्याची इंग्रजी तिला कळत नाही. तिच्या पोटावरची साडी सरकवून गुरुजी यकृताची वाढ दाखवितात, एकामागून एक हात तिच्या पोटावर पडतात, पुढच्या खाटेकडे घोळका सरकतो आणि साडी तशीच राहते. पडदा ओढायला वेळ नव्हता, असे आपण म्हणतो. त्या घोळक्यातील एखाद्याच्या अंगावर उत्तम शिवलेला शर्ट असेल; त्या शर्टात काही पाप नाही. परंतु स्वतःच्या कॉलरची घडी नीट बसली की नाही हे आरशात दोनदा पाहणाऱ्याला त्या अज्जीचा सरकलेला पदर दिसू नये, हा मात्र नैतिक प्रश्न आहे. वस्त्राची दृष्टी त्याला आहे. ती केवळ स्वतःपुरती आहे.

उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहाच्या तीन मुलांची हकिगत आहे. बाप तंबूत उघडा पडलेला हामाने पाहिला आणि बाहेर जाऊन भावांना सांगितला. शेम आणि याफेथ यांनी वस्त्र खांद्यावर घेतले, पाठमोरे चालत आत गेले आणि बापाला झाकले. रोज परक्या माणसांची नग्नता पाहणे हा ज्यांच्या कर्तव्याचाच भाग आहे, त्यांनी ही कथा डॉक्टर म्हणून वाचावी. डॉक्टरला पाठमोरे चालून भागत नाही. त्याला पाहावेच लागते. परंतु जेवढे पाहणे आवश्यक तेवढेच पाहावे, पाहून झाल्यावर आपल्या हाताने पांघरूण ओढावे आणि पाहिलेले मेसच्या टेबलावर हशासाठी सांगू नये, एवढे तर त्याच्या हातात आहे. करिंथकरांस लिहिताना पौल म्हणतो की शरीराच्या ज्या अवयवांना आपण कमी मानाचे समजतो, त्यांनाच आपण अधिक मानाने झाकतो. मंडळीविषयी सांगताना त्याने शरीराचा दाखला घेतला; वॉर्डात तो दाखला अक्षरशः लागू पडतो.

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्यायही येथे वाचला पाहिजे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य आला की त्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतील दरिद्री आला की त्याला पायांशी जागा, या भेदाला याकोब अन्याय म्हणतो. बाह्यरुग्ण विभागात हा भेद एका दृष्टिक्षेपात घडतो. कपड्यांची जाण असलेला मनुष्य इतरांचे कपडेही चटकन वाचतो. कोणाला ‘बसा’ म्हणायचे आणि कोणाला उभे ठेवायचे, हे त्याचे डोळे त्याच्या आधी ठरवितात. म्हणून ज्या तरुणाला पोशाखाची आवड आहे, त्याला याकोबाचा इशारा अधिक लागू आहे. आवड सोडावी असे त्याला कोणी सांगत नाही. त्या आवडीतून आलेली पारख माणसाची किंमत करण्यासाठी वापरू नये, एवढेच सांगणे आहे.

विज्ञानानेही वस्त्राविषयी आपल्याला नम्र केले आहे. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ साली जंतुरोधक शस्त्रक्रियेचे विवेचन प्रसिद्ध केले. तोवर डॉक्टरचा कोट काळा असे. पुढे शतक संपता संपता शुभ्र कोट आला आणि शुद्धतेचे चिन्ह ठरला. २००७ साली इंग्लंडच्या आरोग्य विभागाने हात नीट धुता यावेत म्हणून कोपराखाली बाह्या, घड्याळ व दागिने नकोत, असे मार्गदर्शन केले आणि लांब बाह्यांचा तो शुभ्र कोट तेथे मागे पडला. २०१५ साली मंगळूरचे एडमंड फर्नांडिस यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिले की भारतातही डॉक्टरांनी व विद्यार्थ्यांनी हा कोट सोडून द्यावा. त्यांचे मत सर्वांनी मान्य केलेले नाही. परंतु प्रतिष्ठेचे जे चिन्ह आपण अभिमानाने अंगावर घेतो, ते रुग्णाच्या हितासाठी उतरवावे लागले तर उतरविण्याची आपली तयारी आहे का, हा त्यामागील प्रश्न कोणालाही टाळता येणार नाही. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने आपले बाह्यवस्त्र काढून ठेवले, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. पाय धुऊन झाल्यावर ते वस्त्र पुन्हा अंगावर घेतले, हेही योहानाने नोंदविले आहे. वस्त्र चांगले असण्यात अडचण नव्हती. सेवेच्या आड येऊ लागताच ते बाजूला ठेवता आले पाहिजे. जी बाही वर करवत नाही, जी ओढणी सलाइनच्या स्टँडला अडकते, जे लांब नख रुग्णाचे पोट तपासताना टोचते, जो बूट रात्री दोन वाजता धावू देत नाही, ते सारे कितीही मोहक असले तरी वॉर्डात शोभून दिसत नाही. कारण तेथील शोभा उपयोगापासून वेगळी काढता येत नाही.

मग तरुणांनी व्यवहारात काय करावे? मनाचे लक्ष हे या वर्षांतील सर्वांत दुर्मीळ धन आहे. रोज पहाटे कपाटापुढे दहा मिनिटे घुटमळणे म्हणजे त्या धनातूनच खर्च करणे होय. मोजके, चांगल्या सुती कापडाचे, एकमेकांशी जुळणारे चार-पाच जोड असावेत; ते वसतिगृहाच्या बादलीत धुता यावेत, रात्री वाळावेत आणि त्यांवर आयोडीनचा डाग पडला तर जीव हळहळू नये. खिसे खोल असावेत. एक जोड वॉर्डाच्या कपाटात राखून ठेवावा, म्हणजे रात्रीनंतरची सकाळ स्वच्छ होते. ‘पुन्हा तेच कपडे?’ असे कोणी विचारले, तर हसून होय म्हणावे. मोजक्या वस्त्रांतही रुची असते; उलट, खरी रुची मोजक्या वस्त्रांतच दिसते. शिक्षणासाठी आईवडिलांनी कर्ज काढले असेल, तर दर महिन्याची नवी खरेदी त्यांच्या पैशावर होत आहे, याचेही भान असावे. आणि वर्षातून एखाद्या वेळी एखादे चांगले वस्त्र स्वतःसाठी घेताना यापोच्या दुर्कसेची आठवण ठेवावी. तिच्या मृत्यूनंतर विधवांनी पेत्राला दाखविले ते तिने त्यांच्यासाठी शिवलेले कपडे होते. तिच्या स्वतःच्या पोशाखाची नोंद शास्त्रात नाही.

मंडळीतील वडीलधाऱ्यांनाही काही सांगणे आवश्यक आहे. वस्त्राविषयीचा आपला उपदेश बहुधा मुलींनाच ऐकावा लागतो. मुलाच्या महागड्या घड्याळाबद्दल आपण ब्र काढत नाही आणि मुलीच्या कानातल्यांवर मात्र बोधवचने सांगतो. २०२३ साली हरियाणा सरकारने रुग्णालयीन कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाचे नियम केले, त्यांत जीन्सपासून केशरचना व सौंदर्यप्रसाधनांपर्यंत बंधने होती. शिस्त असावी, हे मान्य. पण तरुण डॉक्टर स्त्रीला रुग्णाचे नातेवाईक सर्रास ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतात आणि तिचे म्हणणे पुन्हा एकदा पुरुष डॉक्टरकडून वदवून घेतात, हेही आपण जाणतो. परिचारिकेचे काम थोर आहे. अडचण त्या शब्दाची नाही, तिचे म्हणणे न ऐकण्याची आहे. अशा वेळी ती नीटस, भारदस्त पोशाख निवडते, तो मिरविण्यासाठी नसून आपले म्हणणे ऐकले जावे यासाठी असतो. याला डौल म्हणणे अन्यायाचे आहे.

याहून कठोर सत्य असे की ज्यांच्या पोशाखाविषयी आपण इतके बोलतो, त्यांना कपडे बदलण्यासाठी आणि पाठ टेकण्यासाठी दाराला कडी असलेली एक खोली पुष्कळ रुग्णालये देत नाहीत. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका डॉक्टर भगिनीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. दीर्घ ड्यूटीनंतर ती सेमिनारच्या खोलीत विश्रांतीसाठी गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेऊन डॉक्टरांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. मुलीने काय ल्यावे हे सांगणाऱ्या समाजाने तिला ते लेण्यापुरती सुरक्षित जागा आहे का, हेही विचारले पाहिजे. आपल्या मिशन रुग्णालयांच्या समित्यांवर मंडळीची माणसे असतात. पुढील सभेत कार्यक्रमपत्रिकेवर निवासी डॉक्टरांची खोली, तिची कडी आणि तिच्या बाहेरील दिवा हा विषय त्यांनी घ्यावा; पोशाखावरील दहा उपदेशांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

म्हैसुरात वा अन्यत्र शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींनो, सुंदर वस्त्राची आवड देवाने दिलेल्या डोळ्यांतूनच येते. शलमोनालाही न लाभलेली शोभा ज्याने रानातील भूकमळांना दिली, त्याला ती आवड परकी नाही. तिचा संकोच बाळगू नका. स्वच्छ, नेटके, आपल्याला शोभेल असे ल्या आणि वॉर्डात जा. केवळ एक नियम स्वतःला लावून घ्या. स्वतःच्या वस्त्राकडे जितके लक्ष दिले, तितके तरी त्या दिवशी रुग्णाच्या वस्त्राकडे द्यायचे. तपासण्यापूर्वी पडदा ओढायचा, तिची अनुमती घ्यायची, हात तिच्या अंगावर ठेवण्यापूर्वी तो थंड नाही ना हे पाहायचे, आणि पुढच्या खाटेकडे वळण्यापूर्वी तिचा पदर सावरून पांघरूण खांद्यापर्यंत ओढायचे. नग्न असता मला वस्त्र दिले की नाही, असे प्रभू न्यायाच्या दिवशी विचारणार आहे. तुमच्यापैकी पुष्कळांना त्याचे उत्तर वॉर्डातल्या त्या एका चादरीनेच द्यावे लागेल.